न्यूयॉर्क: घटना परिषद भरवायची की नाही? ७ नोव्हेंबरला तुमचं काय ठरलंय?

हडसनकाठ | १४ ऑक्टोबर २०१७

न्यूयॉर्क राज्यातल्या मतदार मंडळींसाठी धागा काढतेय. बाकीच्यांचंही स्वागत आहे, फक्त ट्रम्प आणि मोदी या दोघांना चपलांबरोबर बाहेर ठेवून या.

७ नोव्हेंबरला शहरात महापौराची आणि गावोगावी काउंटी-टाउनची निवडणूक आहे. मतपत्रिका उलटली की मागच्या बाजूला तीन प्रस्ताव दिसतील. पहिला प्रस्ताव असा: राज्यघटनेत फेरबदल करण्यासाठी परिषद भरवावी का? हो किंवा नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना मतपत्रिकेला मागची बाजू असते हेच माहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

हा प्रश्न कुणी आंदोलन करून आणलेला नाही. दर वीस वर्षांनी लोकांना हे विचारायचंच, अशी तरतूद १८४६ च्या घटनेत झाली. आमदारांना आवडो न आवडो, प्रश्न आपोआप येतो. १९५७, १९७७ आणि १९९७ ला लोक 'नाही' म्हणाले. शेवटची परिषद १९६७ ला भरली. ती या वीस वर्षांच्या फेऱ्यातली नव्हती, विधिमंडळानेच मध्ये प्रश्न विचारला होता. तिने लिहिलेली नवी घटना लोकांनी फेटाळून लावली.

यंदा 'हो' आलं तर नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रतिनिधी निवडले जातील. राज्याच्या सिनेटच्या ६३ मतदारसंघांतून प्रत्येकी ३ आणि अख्ख्या राज्यातून १५, असे एकूण २०४. एप्रिल २०१९ च्या पहिल्या मंगळवारी राज्याच्या राजधानीत, आल्बनीला, कॅपिटॉलमध्ये बैठक सुरू. मानधन आमदाराइतकं, वर्षाला ७९,५०० डॉलर. त्यांनी जे काही ठरवलं ते पुन्हा आपल्यासमोर मतदानाला येणार, त्याशिवाय काही लागू होणार नाही.

माझा कल सध्या 'हो' कडे आहे. शेल्डन सिल्व्हर आणि डीन स्केलॉस, म्हणजे असेंब्लीचा अध्यक्ष आणि सिनेटमधला बहुमताचा नेता, दोघेही २०१५ मध्ये दोन आठवड्यांच्या आत भ्रष्टाचारात दोषी ठरले. (यंदा अपिलात दोघांचे निकाल रद्द झालेत, खटले पुन्हा चालणार आहेत.) अशा विधिमंडळाकडून स्वतःच्या नाड्या आवळण्याची अपेक्षा कशी ठेवायची? कॅलिफोर्नियासारखं सह्या गोळा करून थेट प्रस्ताव आणायची सोय इथे नाही. घटनादुरुस्ती हवी तर लागोपाठ दोन विधिमंडळांनी, मध्ये एक निवडणूक होऊन, ती मंजूर करायची आणि मग ती लोकांपुढे येणार. म्हणजे किल्ली त्यांच्याच खिशात. ती न मागता मिळण्याची वेळ वीस वर्षांतून एकदा येते.

पण प्रतिनिधी कसे निवडले जाणार, हे वाचल्यापासून पोटात गोळा आलाय. त्यावर बोला.

---

खडूसराव | १४ ऑक्टोबर २०१७

पहिला नंबर माझा.

क्वीन्समध्ये बरीच वर्षं काढली. आल्बनीतून चांगलं काही येतं यावरचा विश्वास कधीच उडालाय. तरी 'नाही'.

कारण तुम्हीच लिहिलंय: सिनेट मतदारसंघातून तीन. हे मतदारसंघ कुणी आखले? सिनेटरांनी. नकाशे पाहिलेत का? काही ठिकाणी गांडुळं बरी. त्यात विद्यमान आमदार आणि न्यायाधीशसुद्धा उभे राहू शकतात, आणि निवडून आले तर दोन्हीकडचा पगार घेऊ शकतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, वर चोराला भत्ता.

---

सुमेधा_लाँगआयलंड | १५ ऑक्टोबर २०१७

मी इथल्या सरकारी शाळेत शिकवते. आमच्याकडे तर हा विषय चर्चेचा उरलेलाच नाही. युनियनची पत्रकं, गाडीच्या काचेवर लावायचे कागद, अंगणात रोवायच्या पाट्या, संध्याकाळी फोन करायची पाळी, सगळं 'नाही' साठी. स्टाफरूमच्या फ्रिजवर लोहचुंबकसुद्धा आलंय.

पेन्शनचं सगळे बोलतात, मला शाळेची काळजी जास्त आहे. सरकारी पैसा धार्मिक शाळांना देता येणार नाही असं घटनेत कलम आहे. १९६७ च्या परिषदेने नेमकं तेच काढून टाकलं होतं. आता व्हाउचरवाल्यांचे (खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसा मागणाऱ्यांचे) दिवस आहेत, ते ही संधी सोडतील? आणि राज्याने सर्व मुलांसाठी मोफत शाळा चालवल्या पाहिजेत, या कलम ११ मधल्या एका वाक्यावर न्यूयॉर्क शहरातल्या पालकांनी शाळांच्या निधीसाठीचा खटला जिंकला आहे. ते वाक्य कुणी 'सुधारलं' तर?

---

आल्बनीकर | १५ ऑक्टोबर २०१७

राज्य सरकारी नोकर, टियर ४ वाला (टियर म्हणजे कधी नोकरीला लागलो त्यानुसार पेन्शनचा गट). म्हणजे माझं मत काय असेल ते ओळखा.

पेन्शनच्या भानगडीबद्दल नीट लिहितो, कारण फेसबुकवर काहीही चाललंय. राज्यघटनेच्या कलम ५ मध्ये पोटकलम ७ आहे. पेन्शन योजनेतलं सदस्यत्व हा करार आहे आणि त्यातले लाभ कमी करता येणार नाहीत, असं त्यात म्हटलंय. याचा अर्थ नोकरीला लागलो त्या दिवशीचे नियम मला शेवटपर्यंत लागू. विधिमंडळ फार तर पुढे येणाऱ्यांसाठी नवा टियर काढू शकतं. २०१२ ला टियर ६ तसाच आला. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला पोरगा माझंच काम करतो, पगारातून माझ्यापेक्षा जास्त कापून घेतो आणि माझ्यानंतर कितीतरी उशिरा पूर्ण पेन्शनला पात्र होणार. मी त्याच्याएवढा नसल्याचं सुख त्या एका पोटकलमामुळे आहे. ते उद्या २०४ अनोळखी लोकांच्या टेबलावर ठेवायला मी का हो म्हणू?

---

हडसनकाठ | १५ ऑक्टोबर २०१७

@आल्बनीकर, @सुमेधाताई: तुमची भीती कळते. पण एक गंमत बघा. ते पेन्शनचं कलम आलं कुठून? १९३८ च्या परिषदेतून. गरजूंना मदत करणं ही राज्याची जबाबदारी, हे कलम १७? तेही १९३८. शाळांचं कलम आणि ॲडिरॉन्डॅकचं जंगल राखणारं कलम? १८९४ ची परिषद. जे जाईल म्हणून आपण घाबरतोय ते बहुतेक सगळं असल्याच परिषदांनी दिलेलं आहे. आपल्याच आजोबा-पणजोबांना जमलं (बरं, आपल्या नाही, यांच्या), ते आता जमणारच नाही असं का धरून चालायचं?

---

आल्बनीकर | १५ ऑक्टोबर २०१७

कारण १९३८ मंदीनंतरचा काळ होता, रूझवेल्टच्या राज्यात, कामगार चळवळ जोरात असताना. २०१९ कोणाचा असेल ते तुम्ही सांगा.

---

प्रॅक्टिसबंद_वकील | १६ ऑक्टोबर २०१७

पुण्यातून वाचतोय. मत नाही, पण तोंड आहे.

आधी इथल्या वाचकांसाठी: अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतंत्र घटना असते. आपल्याकडे जम्मू-काश्मीर सोडलं तर तसं काही नाही. न्यूयॉर्कची घटना पन्नास हजारांहून जास्त शब्दांची आहे, देशाच्या घटनेच्या कित्येक पट.

वीस वर्षांच्या कल्पनेमागे जेफरसन आहे. १८१६ मधल्या एका पत्रात त्याने युरोपातले मृत्युदराचे तक्ते घेऊन हिशोब मांडला: आज हयात असलेल्या प्रौढांपैकी बहुसंख्य साधारण एकोणीस वर्षांत मेलेले असतील, म्हणून दर एकोणीस-वीस वर्षांनी नव्या पिढीला घटना दुरुस्त करायची संधी मिळावी. मेलेल्यांनी जिवंतांवर राज्य करू नये हा मुद्दा. आता हे ऐकून काही आठवतं का? २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जेफरसनचा हाच विचार उद्धृत केला: प्रत्येक पिढी हे एक वेगळं राष्ट्र, ती पुढच्या पिढीला बांधून ठेवू शकत नाही. आणि मग सांगितलं की म्हणूनच आम्ही अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियासारख्या जाचक अटी न घालता दुरुस्तीचा मार्ग सोपा ठेवलाय. म्हणजे रोग एकच. न्यूयॉर्कने औषध म्हणून ठराविक वर्षांनी सगळं उघडायचं ठेवलं, आपण लोकांना थेट न विचारता संसदेला ३६८ व्या कलमाचं हत्यार दिलं. पुढे १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या हत्याराला मूलभूत चौकटीचं म्यान बसवलं.

तुमच्या परिषदेला असलं म्यान नाही हे लक्षात घ्या. 'फक्त भ्रष्टाचारावर बोला' असं तिला बांधून घालता येत नाही. एकदा बसली की पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत सगळं खुलं. वर छप्पर आहे ते फेडरल, म्हणजे देशाच्या, घटनेचं.

त्या छपराबद्दल आल्बनीकरांसाठी: राज्यांनी करार मोडणारे कायदे करू नयेत अशी मनाई फेडरल घटनेच्या पहिल्या कलमात आहे. त्यामुळे जे निवृत्त झालेत त्यांच्या पेन्शनला हात लावणं सोपं नाही. पण जे अजून नोकरीत आहेत, त्यांचं पुढे जमा होणारं पेन्शन मुख्यतः राज्यघटनेतल्या त्या पोटकलमावरच उभं आहे. घाबरायचं तर तुम्ही घाबरा, तुमचे निवृत्त साहेब उगाच घाबरतायत.

---

आल्बनीकर | १६ ऑक्टोबर २०१७

निवृत्त साहेबांना हे सांगून बघितलं. त्यांनी अंगणात दुसरी पाटी लावली.

---

मांडवीकाठ | १६ ऑक्टोबर २०१७

वकीलसाहेब, आपल्याकडे थेट लोकांना विचारलं जात नाही असं सरसकट म्हणू नका हो. गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल विसरलात? महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. एक प्रश्न, दोन चिन्हं, म्हाताऱ्या आजीलाही कळेल असं. तुमच्या त्या मतपत्रिकेच्या मागच्या बाजूपेक्षा कितीतरी स्वच्छ काम.

---

खडूसराव | १६ ऑक्टोबर २०१७

झालं. आता कोकणी-मराठी वाद सुरू व्हायच्या आत संपादक मंडळाने या प्रतिसादाला कुंपण घालावं.

पण मांडवीकाठ यांच्या प्रश्नाच्या मुद्द्याला +१. इथे प्रश्न कसा लिहायचा हे सरकारच ठरवतं आणि त्यात काय चालतं ते बघा. २०१३ ला कॅसिनोचा प्रस्ताव होता. मतपत्रिकेवर लिहिलं: रोजगार वाढवण्यासाठी, शाळांची मदत वाढवण्यासाठी, मालमत्ता कर कमी करता यावा म्हणून... जुगाराचे अड्डे. आरती ओवाळूनच आणला होता. मंजूर झाला. २०१४ ला मतदारसंघ आखण्यासाठी 'स्वतंत्र' आयोग नेमायचा प्रस्ताव होता. न्यायाधीशाने सांगितलं, हा आयोग स्वतंत्र वगैरे नाही, तो शब्द काढा. शब्द काढला, प्रस्ताव तरीही मंजूर. लोक वाचत नाहीत हो.

---

रानभूल | १७ ऑक्टोबर २०१७

अखेर कुणीतरी ॲडिरॉन्डॅकचं नाव काढलं. माझा रविवार तिथेच जातो म्हणून थोडं सविस्तर.

कलम १४. राज्याच्या मालकीची जंगलजमीन कायम वन्य राहील. ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, झाड तोडायचं नाही. १८९५ पासून लागू. इतकं कडक जंगलरक्षण देशातल्या दुसऱ्या कुठल्या राज्यघटनेत माझ्या तरी वाचनात नाही. आणि हे कडक म्हणजे किती, तर साध्या गोष्टीसाठीही अख्ख्या राज्याचं मत लागतं. व्हाइटफेस डोंगरावर बर्फावरून घसरायच्या वाटा करायच्या होत्या, तर त्या एकूण किती मैल आणि किती फूट रुंद, हे राज्यघटनेत लिहिलेलं आहे. रॅकेट लेक या वस्तीला पिण्याच्या पाण्याची विहीर हवी होती. विहिरीची जागा सरकारी जंगलात. एक एकर. त्या एका एकरासाठी घटनादुरुस्ती: दोनदा विधिमंडळ, मग २००७ ला मॅनहॅटनपासून बफेलोपर्यंत सगळ्यांनी मत दिलं. बदल्यात टाउनने राज्याला किमान बारा एकर द्यायचे. ब्रुकलिनमध्ये सबवेने फिरणाऱ्या माणसाने त्या गावाचं पाणी मंजूर केलं.

हसू येतं, पण म्हणूनच तिथे आज जंगल आहे. सगळ्या पार्कचं क्षेत्र साठ लाख एकरांच्या आसपास, त्यातलं निम्म्याच्या जवळपास सरकारी. तळ्याकाठी जमिनीला काय भाव आहे ते एकदा लेक प्लॅसिडला विचारून बघा.

आणि यंदाचा तिसरा प्रस्ताव वाचा. असल्या विहिरी, रस्त्याचं वळण, विजेचे खांब यांसाठी दर वेळी घटनादुरुस्ती नको म्हणून २५० एकरांची एक शिलकी जमीन-पेढी (जंगलात आधीच जास्तीची जमीन जमा करायची, त्या बदल्यात अशा कामांना जागा द्यायची). हे विधिमंडळातून आलंय, दोनदा मंजूर होऊन. म्हणजे नेहमीचा रस्ता बंद नाही. पहिल्याला 'नाही', तिसऱ्याला 'हो'.

---

हडसनकाठ | १७ ऑक्टोबर २०१७

@रानभूल, विहिरीची गोष्ट माहीत नव्हती, भारी आहे.

नेहमीचा रस्ता बंद नाही हे मान्य. येत्या ६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये बायकांना मताधिकार मिळाल्याला शंभर वर्षं होतायत आणि तो साध्या घटनादुरुस्तीनेच मिळाला. १९१५ ला हरल्या, १९१७ ला जिंकल्या. पण तो रस्ता विधिमंडळाच्या सोयीच्या गोष्टींसाठी उघडतो. विहीर, कॅसिनो, ठीक. स्वतःच्या मिळकतीवर बंधन? निवडणुकीचे पैसे? कोर्टांची रचना? इथे अकरा प्रकारची खालची न्यायालयं आहेत. त्यातल्या एकाचं नाव 'सुप्रीम कोर्ट', त्यावर 'कोर्ट ऑफ अपील्स'. सामान्य माणूस घटस्फोटासाठी एका कोर्टात, पोराच्या ताब्याच्या भांडणासाठी दुसऱ्यात चकरा मारतो. वर्षानुवर्षं सगळे म्हणतायत बदला. कुणी बदललं?

आणि मतदान. मुदतीआधी मतदान करता येत नाही. टपाली मत हवं तर आजारी असल्याचं किंवा काउंटीबाहेर असल्याचं कारण द्या, ही अट राज्यघटनेतच आहे. आपण ज्याला पुढारलेलं राज्य म्हणतो त्याची ही दशा.

---

सुमेधा_लाँगआयलंड | १७ ऑक्टोबर २०१७

हडसनकाठ, विरोधकांची यादी बघितलीस का? शिक्षक, पोलिस, अग्निशमन, प्लॅन्ड पेरेंटहुड (गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणारी संस्था), गर्भपातविरोधक, बंदूकवाले, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष, डावा वर्किंग फॅमिलीज पक्ष. हे लोक एरवी एका खोलीत चहा पिणार नाहीत. सगळ्यांनाच भीती वाटते तर काहीतरी तथ्य असेल ना?

---

हडसनकाठ | १८ ऑक्टोबर २०१७

सुमेधाताई, मला तीच यादी वाचून उलट वाटतं. असेंब्लीचा अध्यक्ष हेस्टी आणि सिनेटचा नेता फ्लॅनगन, वेगवेगळ्या पक्षांचे, दोघेही 'नाही' म्हणतायत. ज्याला ज्याला आल्बनीत आत्ता दार उघडून मिळतं, तो तो विरोधात आहे. आणि त्या आघाडीने नाव घेतलंय 'भ्रष्टाचारविरोधी न्यूयॉर्ककर'. हसावं की रडावं!

बाजूने कोण? लीग ऑफ विमेन व्होटर्स, वकिलांच्या संघटना, काही प्राध्यापक, सिटिझन्स युनियन (ही कामगार संघटना नव्हे, स्वच्छ कारभारासाठी झटणारी नागरिकांची संस्था). पैसा नाही, पाट्या नाहीत, फ्रिजवरचं लोहचुंबक तर नाहीच.

---

प्रॅक्टिसबंद_वकील | १८ ऑक्टोबर २०१७

परिषद हरली म्हणजे वाया गेली असं नाही, हा मुद्दा कुणी घेतला नाही. १९१५ ची परिषद बघा. अध्यक्ष एलिहू रूट. गव्हर्नरच्या हाताखालची विस्कळीत खाती एकत्र करायची, अंदाजपत्रक गव्हर्नरने मांडायचं, अशी चांगली कामं. लोकांनी नव्या घटनेला साफ नकार दिला. पण त्या सभागृहात अल स्मिथ नावाचा एक प्रतिनिधी बसला होता. पुढे तो गव्हर्नर झाला आणि १९२० च्या दशकात त्यातल्या मोठ्या सुधारणा सुट्या घटनादुरुस्त्यांनी आणल्या.

१९६७ ने काय शिकवलं? अँथनी ट्रॅव्हिया, असेंब्लीचा अध्यक्ष, तोच परिषदेचाही अध्यक्ष. सगळी घटना एकाच प्रश्नात लोकांसमोर ठेवली: घ्या किंवा सोडा. धार्मिक शाळांच्या कलमामुळे चिडलेल्यांनी बाकीचं चांगलंही बुडवलं. १९३८ वाल्यांनी दुरुस्त्या नऊ प्रश्नांत वाटून दिल्या होत्या, त्यातल्या सहा मंजूर झाल्या.

---

खडूसराव | १८ ऑक्टोबर २०१७

म्हणजे वकीलसाहेबांच्या मते, परिषदेवर खर्च करायचा, तिने लिहिलेलं आपण फेटाळायचं, आणि दहा वर्षांनी कुणीतरी शहाणा गव्हर्नर ते वहीतून काढेल. अल स्मिथ ऑर्डर करून मिळतो का कुठे?

---

नवमतदार | ३० ऑक्टोबर २०१७

नागरिकत्व यंदाच मिळालं, पहिलंच मत. व्हॉट्सॲपवर आलंय की पहिला प्रस्ताव कोरा सोडला तर ते 'हो' धरलं जाणार, म्हणून 'नाही' वर खूण केलीच पाहिजे. खरं का?

---

आल्बनीकर | ३० ऑक्टोबर २०१७

नाही. मी 'नाही' वाला असूनही सांगतो, ही अफवा आहे. निवडणूक मंडळानेही खुलासा केलाय. या प्रश्नावर ज्यांनी खूण केली त्यांच्यातलं बहुमत, एवढंच मोजतात. कोरं ते कोरं. १९९७ ला लाखोंनी कोरं सोडलं होतं, त्याचा काही परिणाम झाला नाही.

आमच्या युनियनच्या ग्रुपवरही हे फिरतंय. मी तिथे खोडून काढलं तर विचारतात, तू कुणाच्या बाजूने आहेस?

---

प्रॅक्टिसबंद_वकील | ३१ ऑक्टोबर २०१७

काही राज्यांत कोऱ्या मताचा हिशोब वेगळा आहे, तो मात्र 'नाही' च्या बाजूने. हवाईत १९९६ ला 'हो' ची मतं 'नाही' पेक्षा जास्त होती. पण निवडणुकीत मत दिलेल्या एकूण माणसांचं बहुमत हवं असं कोर्टाने ठरवलं आणि कोऱ्या मतपत्रिकांनी परिषद अडवली. मेरीलँडमध्ये २०१० ला जवळपास तेच: प्रश्नाचं उत्तर देणाऱ्यांत 'हो' पुढे, पण एकूण मतदारांच्या निम्म्याहून कमी. म्हणजे तिकडे आळशी माणूस यथास्थितीवाला ठरतो. न्यूयॉर्कचा नियम त्यापेक्षा न्याय्य आहे.

---

नवमतदार | ३१ ऑक्टोबर २०१७

धन्यवाद दोघांनाही. सगळं वाचलं. 'नाही' करीन असं वाटतंय. घटना नीट वाचलेली नाही आणि जे वाचलं नाही ते उघडायला सांगायचं, हे बरं वाटत नाही. हडसनकाठताई, रागावू नका.

---

हडसनकाठ | १ नोव्हेंबर २०१७

अहो रागवायचं काय त्यात. मतपत्रिका उलटा म्हणजे झालं.

माझं ठरलं: 'हो'. पण धाग्यामुळे एक मत पक्कं झालं. प्रतिनिधी निवडायची पद्धत आधी सुधारायला हवी होती: आमदारांना उभं राहायला बंदी किंवा निदान दुहेरी पगाराला बंदी, आणि सिनेटचे नकाशे न वापरता दुसरा काही मार्ग. पगाराचा नियम तरी बदलायला विधिमंडळाला वीस वर्षं होती. १९९७ च्या वेळीही हीच ओरड झाली होती. कुणी बोट हलवलं नाही, आणि आता तेच लोक सांगतायत की प्रतिनिधी निवडायची पद्धत वाईट आहे म्हणून 'नाही' म्हणा. खडूसराव, तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. तो कुणी जिवंत ठेवला एवढं बघा.

---

खडूसराव | १ नोव्हेंबर २०१७

बघितलं. मत बदललं नाही, पण हा प्रतिसाद आवडला.

---

आल्बनीकर | ८ नोव्हेंबर २०१७

निकाल: पहिला प्रस्ताव आपटला. खूण केलेल्यांपैकी साधारण ८३ टक्के 'नाही'. दुसरा, भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्या अधिकाऱ्यांचं पेन्शन काढून घ्यायचा, दणदणीत मंजूर. रानभूल यांची जमीन-पेढी निसटती का होईना, पास. पुढचा प्रश्न २०३७ ला.

आमच्या ऑफिसात आज पेढे नव्हते पण बेगल होते.

---

हडसनकाठ | ८ नोव्हेंबर २०१७

८३! एवढी अपेक्षा नव्हती. असो. दुसऱ्या प्रस्तावाकडे बघा: पेन्शन सुरक्षित ठेवा म्हणून पहिल्याला नाही, आणि चोरांचं पेन्शन काढा म्हणून दुसऱ्याला हो. लोक वाचत नाहीत असं नाही, खडूसराव.

---

मिशिगनची_माशी | १० नोव्हेंबर २०२४

जुना धागा वर काढतेय. परवा ५ नोव्हेंबरला ऱ्होड आयलंडमध्ये हाच प्रश्न होता (त्यांच्याकडे दर दहा वर्षांनी), तिथेही 'नाही'. पूर्ण अधिकाराची शेवटची परिषद १९८६ ला तिथेच भरली होती म्हणे. २०२२ ला अलास्का आणि मिसूरीही 'नाही' म्हणाले.

आमच्याकडे दर सोळा वर्षांनी येतो. २०१० ला दोन-तृतीयांश 'नाही'. आता नोव्हेंबर २०२६. तुमच्याकडे पुढे काय झालं? ज्यांनी 'हो' दिलं त्यांना काय मिळालं, 'नाही' वाल्यांना काय?

---

हडसनकाठ | ११ नोव्हेंबर २०२४

किती दिवसांनी! थोडक्यात सांगते.

मुदतीआधीचं मतदान २०१९ ला आलं, साध्या कायद्याने. २०१८ च्या निवडणुकीत सिनेट डेमोक्रॅट्सकडे गेली आणि काही आठवड्यांत मंजूर झालं. परिषदेची गरजच पडली नाही, हा 'नाही' वाल्यांचा मुद्दा. पण टपाली मताला कारण द्यायची अट घटनेतून काढायचा प्रस्ताव २०२१ ला विधिमंडळाने दोनदा मंजूर करून आमच्यापुढे ठेवला आणि तो आम्हीच पाडला! त्याच दिवशी स्वच्छ हवा-पाण्याचा हक्क मात्र मंजूर केला. आणि परवा समान हक्कांची मोठी दुरुस्ती मंजूर झाली.

मतदारसंघ आखायच्या त्या आयोगाचं (ज्यातून 'स्वतंत्र' शब्द काढला होता) २०२२ ला एकमत झालंच नाही. विधिमंडळाने स्वतः नकाशे काढले, ते राज्यातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, फेटाळले आणि शेवटी कोर्टाने नेमलेल्या माणसाने काढले. खडूसराव तेव्हा आठवले.

तुमच्याकडचे नियम वेगळे आहेत, ते आधी बघा. तुमच्या घटनेत प्रत्येक सिनेट मतदारसंघातून एक आणि प्रत्येक हाउस मतदारसंघातून एक, म्हणजे ३८ आणि ११०, एकूण १४८ प्रतिनिधी. मंजूर झाल्यापासून सहा महिन्यांत पक्षीय चिन्हांवर त्यांची निवडणूक. सहा महिने म्हणजे काहीच नाही. ज्याच्याकडे आधीच तयार यंत्रणा आहे तोच उभा राहणार. पण तुमचे मतदारसंघ आता नागरिकांचा आयोग आखतो, हा आमच्यापेक्षा मोठा फरक आहे.

---

मिशिगनची_माशी | ११ नोव्हेंबर २०२४

हो, २०१८ ला आम्ही सह्या गोळा करून तो आयोग आणला. तुमच्याकडे ती सोयच नाही हे आत्ता कळलं. त्यामुळे इथले काही जण म्हणतात, सह्यांचा रस्ता असताना परिषद कशाला? आणि १९६३ ची आमची घटना तरी कुठे वाजतगाजत आली होती, फक्त साडेसात हजारांच्या आसपास मतांनी पास झालेली.

---

खडूसराव | १२ नोव्हेंबर २०२४

अजून जिवंत आहे. मिशिगनवाल्यांनी वेगळा धागा काढावा, इथे प्रतिसाद फार झालेत, माझ्या फोनवर पान उघडत नाही.

---

मिशिगनची_माशी | १२ नोव्हेंबर २०२४

काढते. वकीलसाहेब असतील तर त्यांनाही सांगा, पक्षीय चिन्हांवर परिषद निवडण्याबद्दल त्यांचं मत हवंय.